सोइलासाठी स्पिरिटचा दिवा

कासिमिरो ब्रितोने हातात घेतली आणि दुरुस्त झाली नाही, अशी वस्तू सान सिरिलोत नव्हती. स्टोव्ह, इस्त्र्या, शिवणयंत्रं, साखर कारखान्याच्या भोंग्याची झडप. एकदा तर त्याने पाद्रीबुवांच्या कवळीची तारही डाख देऊन जोडली होती. पुढच्या रविवारी पाद्रीबुवा नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त बोलले आणि अख्खं गाव कासिमिरोच्या नावाने खडे फोडत घरी गेलं. धंदा पत्रेकामाचा, वय अडुसष्ट, बोटं भाजून भाजून काळी पडलेली. बोलणं मोजकं. गर्व म्हणाल तर डोंगराएवढा, पण दाखवायचा नाही. वस्तू उलटीपालटी करायचा, 'हं' म्हणायचा आणि कामाला लागायचा. त्या 'हं'वर आमच्या गावाचा भारी विश्वास.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. रशियाची जहाजं यायची बंद झाली आणि त्यांच्याबरोबर रॉकेल, साबण, मांस सगळंच गेलं. आमच्याकडे वीज जायची असं म्हणणं चूक होईल. वीज यायची! दिवसाकाठी दोन तास, तिच्या मनात आलं तर तीन. ती आली की पोरं रस्त्यावर नाचायची आणि बाया हातातलं टाकून इस्त्रीकडे धावायच्या. एरवी घरोघरी एकच दिवा: औषधाच्या बाटलीत चिंधीची वात, आणि आत कुणाच्या तरी ट्रॅक्टरमधून काढलेलं डिझेल. त्या दिव्याला आम्ही 'चहाडखोर' म्हणतो. उजेड म्हणून देत नाही, कोपऱ्यात कोण बसलंय तेवढी चहाडी करतो. वर धूर असा, की सकाळी नाक शिंकरलं तर रुमालावर काजळी.

आणि त्याच वर्षी गावातल्या माणसांचे डोळे अधू व्हायला लागले. एकाचे नाही, दोघांचे नाही. पोस्टमन पत्रं भलत्याच दारात टाकायला लागला. डॉमिनोच्या टेबलावर पाचाची सोंगटी सहा म्हणून पडायला लागली आणि त्यावरून मारामाऱ्या झाल्या. सगळे म्हणाले, हा त्या मेल्या चहाडखोराचा धूर. वीज येईल, डोळे येतील. एवढं सोपं कारण हाताशी असल्यावर दुसरं कोण शोधतो!

कासिमिरोची बायको सोइला तेव्हा बाळंतविडा शिवत होती. त्यांची मिर्ता लग्नानंतर बारा वर्षांनी गरोदर होती, सांता क्लाराला असायची, मार्चमध्ये मोकळी होणार होती. आजीने पहिल्या नातवाचे कपडे स्वतःच्या हातांनी शिवायचे, हे आमच्याकडे ठरलेलं. एका संध्याकाळी सोइलाने छोटंसं झबलं त्याच्यासमोर धरलं. छातीवर पिवळं बदक भरलं होतं.

"कसं झालंय, म्हाताऱ्या?"

बदकाची चोच हिरवीगार होती.

"चोच हिरवी?" कासिमिरोने विचारलं.

"हिरवी कुठे, लाल आहे की!" ती म्हणाली. मग झबलं नाकाजवळ नेऊन हसली. "या दिव्यात मला नवरासुद्धा तरणाताठा दिसतो, चोचीचं काय घेऊन बसलास?"

तोही हसला. पण जेवताना त्याच्या लक्षात आलं, की ती आताशा तांदूळ डोळ्यांनी निवडत नाही, बोटांनी निवडते. सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारते. दिवसा का नाही शिवत, असं त्याने विचारलं तर म्हणाली, "दिवसा पावाची रांग कोण लावणार, तुझी ती चिमटा-कातर?" ते त्याला पटलं. पटवून घेतलं म्हणा. माणूस घाबरला की काहीही पटवून घेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फळीवरचा सासूचा दिवा खाली काढला. सासूच्या लग्नातला, म्हणजे ऐंशी वर्षांचा, पितळी टाकीचा, स्पिरिटवर जळणारा दिवा. वर मँटलची जाळी लावली की पांढराशुभ्र उजेड पडायचा. तसले दिवे आमच्या भागात घरोघरी होते, कारण कारखान्यात उसाच्या मळीतून स्पिरिट निघायचं आणि रॉकेलपेक्षा स्वस्त पडायचं. आताही रॉकेलचा थेंब नव्हता, पण कारखान्याच्या भट्टीत स्पिरिट होतं. हा दिवा पेटला तर सोइलाला लाल आणि हिरवं कळेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. चोच लाल होईल, मार्चमध्ये बाळ येईल तेव्हा त्याचं तोंड तिला दिसेल.

फक्त दिव्याला बर्नर नव्हता. टाकीत कागदाची फुलं खोचलेली होती.

गावातल्या एकाही दिव्याला बर्नर नव्हता. आणि त्याचं कारण खुद्द कासिमिरो ब्रितो! सत्तर साली देशभर भंगार गोळा करायची मोहीम निघाली होती. वीज आली होती, रॉकेल पाण्यासारखं मिळत होतं, जुन्या दिव्यांना कोण विचारतो? कासिमिरो हातगाडी घेऊन दारोदार फिरला आणि आपल्या हाताने त्रेचाळीस बर्नर काढून दिले. पहिला स्वतःच्या घरचा. गल्लीच्या समितीने त्याला मानपत्र दिलं. ते अजून भिंतीवर होतं, काचेच्या चौकटीत. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. पण त्याबद्दल मानपत्र मिळालेला हा एकटाच.

"सबंध मोहिमेत तुला एक बर्नर चोरता नाही आला?" निकानोर म्हणाला. निकानोर कारखान्याच्या भट्टीवर कामाला होता आणि मिर्ताचा धर्मपिता होता, त्यामुळे कासिमिरोला वाटेल ते बोलायचा त्याला परवाना होता. "चोरी करायची नाही तर क्रांती कशाला केली, गड्या?"

"स्पिरिट देशील का ते सांग."

"स्पिरिट देईन. रेशनवालं नको घेऊस, त्यात दुकानदार निम्मं पाणी घालतो. मी अस्सल आणतो, पोटावर पिशवी बांधून. फाटकावरचा पहारेकरी म्हणतो, निकानोर, या उपासमारीत तुझं एकट्याचं पोट कसं सुटलं?"

बर्नर एकाच घरी असण्याची शक्यता होती. फर्मिनाबाईंच्या. त्या म्हातारीने सत्तर साली हातगाडीवर बादलीभर पाणी ओतलं होतं आणि दार लावून घेतलं होतं. तिच्या घरात सांता लुसियाचं देवघर होतं. सांता लुसिया म्हणजे डोळ्यांची संत. नवस बोलायचा आणि पत्र्याचे डोळे करून वाहायचे. त्या वर्षी असे डोळे करता करता कासिमिरोचे हात दुखून आले होते. त्याचा स्वतःचा विश्वास नव्हता. पत्रा मात्र तो जाड वापरायचा.

देवघरात संतिणीच्या उजव्या हाताला दिवा होता, बर्नरसकट.

"नाही," तो तोंड उघडायच्या आत फर्मिनाबाई म्हणाल्या. "तो तिचा आहे. तुला दिला तर तू पुन्हा मानपत्र आणशील."

"सोइलासाठी हवाय, फर्मिनाबाई. अंधारात शिवून शिवून डोळे—"

"अंधारात?" म्हातारी खुर्चीतून उठली. भिंतीवर खिळ्यांना लटकलेले पत्र्याचे डोळे तिने बोटाने सारले आणि एक जोडी पुढे ओढली. "हे कुणाचे?"

"तुमच्या बहिणीचे. पावसाळ्यात तुम्हीच करून घेतलेत."

"माझी बहीण मरून नऊ वर्षं झाली, मेल्या. हे सोइलाचे. पावसाळ्यातच आली होती. भर दुपारी, उन्हात, रस्ता चाचपत. म्हणाली, त्याला सांगू नका, त्याला वाटतं तो सगळं दुरुस्त करू शकतो."

कासिमिरो त्या डोळ्यांकडे बघत राहिला. बुबुळांच्या रेघा त्यानेच कोरलेल्या होत्या, आणि कोरताना तो शीळ घालत होता हेही त्याला आठवलं. पावसाळा म्हणजे सहा महिने झाले. सहा महिने ती त्याच्यासमोर तांदूळ निवडत होती, थट्टा करत होती, आणि तो खुळ्यासारखा हसत होता.

"तरी द्या," तो शेवटी म्हणाला. दुसरं त्याला सुचेना. त्याच्या हातात येईल अशी तेवढी एकच वस्तू होती.

फर्मिनाबाईंनी नारळाचे चार तुकडे जमिनीवर टाकून संतिणीला विचारलं. कौल नाही असा आला. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, "वय झालं तिचं, ऐकू येत नाही," म्हणाल्या आणि पुन्हा टाकले. तिसऱ्या खेपेला संतीण हो म्हणाली.

"उसना देतेय. सोइलाला दिसलं तर परत आणायचा, वर एक कोंबडी."

"कोंबडी कुठून आणू, या वर्षी?"

"दिसू तर दे आधी तिला," म्हातारी म्हणाली.

पुढचे नऊ दिवस कासिमिरोने दुसरं काम घेतलं नाही. टाकी आंबट संत्र्याच्या रसाने आणि राखेने आतून धुतली. बुडाला केसाएवढी चीर होती, तिला डाख दिला. वायसर गेले होते ते जुन्या बुटाच्या जिभेतून कापले. वाती फरशी पुसायच्या सुती बोळ्यातल्या दोऱ्यांच्या वळल्या. नळीत फार ठासल्या तर स्पिरिट वर चढत नाही, सैल बसल्या तर थुंकतं. चार वेळा ठासल्या, चार वेळा उपसल्या. बर्नरचं भोक तर इतकं बारीक, की स्टोव्हची पिनसुद्धा जाड पडे. सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक पदर सोलून, दगडावर घासून त्याने तो आत घातला. श्वास रोखून. भोक रेसभर मोठं झालं तर बर्नर गेला, आणि पुन्हा सत्तर साल काही यायचं नव्हतं.

मँटल निकानोरने दिलं. एकसष्ट साली, सोळाव्या वर्षी, तो अडाण्यांना शिकवायला डोंगरात गेला होता. तेव्हा मिळालेल्या चिनी कंदिलाचं एक मँटल त्याने पाकिटात जपून ठेवलं होतं, एका शेतकऱ्याने आयुष्यात लिहिलेल्या पहिल्या पत्रासोबत. पत्र परत खिशात घातलं आणि पाकीट कासिमिरोच्या हातात दिलं.

"एकच आहे हं, गड्या. एकदा जळलं की त्याची नुसती राख उरते. शिंकलास तरी गळून पडेल."

"मला शिकवतोस?"

"आयुष्यात तेवढं एकच काम मी धड केलं, शिकवण्याचं," निकानोर म्हणाला.

दिवा पेटवायच्या आदल्या दिवशी दवाखान्यातली नवी डॉक्टरीण सायकलवरून आली. मिर्ताच्या वयाची पोर, तीही वाळलेली. घरोघर फिरून डोळे तपासत होती. सोइलाला तिने बोटं मोजायला सांगितली, मग एक लाल टोपण दाखवून रंग विचारला. सोइला "अं, काळपट" म्हणाली. डॉक्टरीण वहीत लिहीत राहिली.

"धुराने होतंय ना?" कासिमिरोने विचारलं. "मी चांगला दिवा करतोय. उद्या लागेल."

"धुराने नाही, काका. पोटाने होतं. खाणं कमी पडलं की डोळ्यांच्या नसा वाळतात. गोळ्या येणार आहेत."

"केव्हा?"

"येतील. लवकर मिळाल्या तर बऱ्याच जणांना दिसायला लागतं. उशीर झाला असेल तर…" पोरीने वही मिटली. तिच्या हाती तरी काय होतं!

"पोटाने कसं होईल?" कासिमिरोचा आवाज चढला. "आम्ही दोघं एका भांड्यातलं खातो. जे ती खाते तेच मी. मग माझे डोळे कसे शाबूत? मी ब्रेकच्या तारेचा पदर सोलतो, मुली!"

डॉक्टरणीने सोइलाकडे पाहिलं. सोइला कॉफीचं बघते म्हणून आत गेली. कॉफी म्हणजे भाजलेल्या वाटाण्यांचं पाणी, ते बघायला किती वेळ लागतो? पण ती पोरगी जाईपर्यंत बाहेर आली नाही. आपलं म्हणणं बिनतोड आहे असं कासिमिरोला वाटलं आणि त्याला जरा बरंसुद्धा वाटलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्याने सोइलाला सांगितलं, "ताटल्या मांड. आज एकमेकांची तोंडं बघत जेवू." त्या आठवड्यात रेशनवर माणशी एक अंडं आलं होतं. सोइलाने दोन्ही उकडली, भात केला, रताळं केलं. निकानोर दाढी करून, धुतलेला सदरा घालून आला. फर्मिनाबाई आपली कोंबडी पक्की करायला आल्या. दारात पाचपंचवीस माणसं जमली. अशा वेळी आमच्या गावाला आमंत्रण लागत नाही.

कासिमिरोने चहाडखोर फुंकून विझवला. खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार झाला.

पहिल्या काडीचं डोकं उडून गेलं. दुसरी फुसफुसली आणि मेली. आमच्या काड्यापेट्यांची ही तऱ्हा, एक दिवा लावायला अर्धी पेटी. तिसऱ्या काडीने बर्नरखालच्या वाटीतलं स्पिरिट पेटलं. स्पिरिटची ज्योत ती, निळी, असून नसल्यासारखी. तिच्या उजेडात दिव्याची टाकीसुद्धा धड दिसेना. हळूहळू नळी तापली, वाफ धरली आणि भोकातून फुस्स आवाज यायला लागला. एकसारखा, दमदार. कासिमिरोच्या छातीतून मोठा श्वास सुटला. आता फक्त वर काडी दाखवायची होती. तो अंधारात काड्यापेटी चाचपत होता.

"आई गं!" सोइला म्हणाली. "केवढा हा उजेड!"

काडी अजून कासिमिरोच्या हातातही आली नव्हती.

"अरे, दुपारच करून टाकलीस की म्हाताऱ्या! मला भिंतीवरची पालसुद्धा दिसते. मानपत्रावरची अक्षरं दिसतात." तिचा आवाज आनंदाने नुसता भरून आला होता. "आणि हे काय निकानोर, पाहुणा म्हणून येतोस आणि दाढी नाही करत?"

निकानोरने गालावर हात ठेवला. दारातली माणसं जमिनीकडे बघायला लागली, त्या काळोखातसुद्धा. कासिमिरोला कळलं. तो फुस्स आवाज ऐकून दिवा लागला असणार याची तिला खात्री होती. त्याच्या हातांवर तिचा तेवढा विश्वास होता. आपल्याला दिसत नाही, तो दोष आपल्याच डोळ्यांचा असणार, असं ती धरून चालली होती. हे सगळं बोलायचं तिने आधीच ठरवून ठेवलं होतं.

चौथी काडी पेटली. ती त्याने मँटलपर्यंत नेली. जाळी भपकन पेटली, काळी पडली, आक्रसली, आणि मग पांढरा लख्ख उजेड कोपऱ्याकोपऱ्यात शिरला. सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले.

"लागला! आता लागला!" फर्मिनाबाई ओरडल्या आणि लगेच त्यांनी तोंडावर हात दाबला. पण बोलून चुकल्या होत्या.

सोइलाचं हसू तोंडावर तसंच राहिलं. "आता?" तिने हळूच विचारलं.

"नाही गं," कासिमिरो म्हणाला. जन्मात तो खोटं बोलला नव्हता, त्यामुळे त्याला ते जमतही नव्हतं. "मघाशीच लागला होता. तुला आधी दिसला, आम्हाला उशिरा."

मग त्याची नजर टेबलावर गेली. सोइलाचा उजवा हात त्याच्या ताटलीवर होता आणि बोटांत अंडं होतं. त्याचं अंडं त्याच्या ताटलीत होतंच. हे दुसरं. तिच्या ताटलीत रताळ्याचा एक तुकडा आणि चमचाभर भात. त्याच्या ताटलीत भाताचा ढीग. हात किती सवयीने आला होता, कुठे न अडखळता, न चाचपता. त्या मनगटाचं हाड त्याने आज पहिल्यांदा पाहिलं. गावात सगळेच वाळलेले, त्यात एकीचं काय कळणार? आणि जेवण रोज अंधारात.

"हे अंडं कुणाचं?" त्याने विचारलं.

"तुझं. माझं खाऊन झालं," ती तेवढ्या उजेडात म्हणाली.

निकानोरने दारातल्या माणसांना हाताने मागे सारलं, फर्मिनाबाईंना धरून बाहेर नेलं आणि दार ओढून घेतलं. दिवा एकसारखा फुसफुसत होता. सगळ्या गावात त्या वेळी तेवढंच एक खिडकीभर उजेडाचं घर होतं, आणि कासिमिरोला वाटत होतं की तो दिवा फुंकून टाकावा.

"किती दिवस?" तो म्हणाला.

"तू विस्तवापाशी काम करतोस," सोइला म्हणाली. "मला काय, बसून तर शिवायचं." तिने टेबलाची कड चाचपली. "बाळ यायचंय रे. तुझे हात चालायला हवेत."

डॉक्टरणीला जाऊन सांगावं, पण गोळ्या तिच्याकडेही नव्हत्या. पुढचं अंडं पुढच्या महिन्यात, आलं तर. कासिमिरोने तिचं अंडं उचललं, उलटंपालटं केलं. त्याच्या तोंडून 'हं' निघालं नाही. त्याने ते सुरीने कापलं, अर्धं तिच्या ताटलीत ठेवलं, अर्धं चमच्यात घेतलं आणि तिच्या ओठांना लावलं.

"उद्या खाईन."

"आज खा. सोइला, तुझ्या पाया पडतो, खा."

तिने तोंड उघडलं. तो बघत राहिला, ती चावते का, गिळते का. गिळल्यावर त्याने तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले. तेवढ्यात तिच्या बोटांनी उरलेलं अर्धं शोधलं आणि अलगद, आवाज न करता त्याच्या ताटलीत ठेवलं. लख्ख उजेडात. त्याला दिसत नाही असं समजून.

त्याने ते परत तिच्या ताटलीत ठेवलं असतं. पण ती मान किंचित वळवून, तो खातोय की नाही हे कान देऊन ऐकत होती. म्हणून त्याला ते खावं लागलं.